मुंगी आणि चारशे बारा रेणू

"आत या नाहीतर बाहेर जा, पण दार लावा," मुंगी म्हणाली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

दारातला माणूस क्षणभर घुटमळला. मग आत आला आणि त्याने दार लावलं.

बाहेर भर दुपार होती, पण या खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. खिडक्यांना काळं कापड, विजेच्या बटणावरच्या लाल दिव्याला काळी चिकटपट्टी, दाराखालच्या फटीला गुंडाळलेला जुना टॉवेल. उजेड होता तो फक्त एका पडद्याचा, तोही शेवाळी आणि मिणमिणता.

"कोण?" तिने विचारलं.

"भिंगं दुरुस्त करणारा. सूक्ष्मदर्शकांची. मला खालच्या मजल्यावर जायचं होतं बहुतेक."

"बहुतेक?"

"आता मजलाच दिसत नाहीये, त्यामुळे नक्की सांगता येत नाही."

मुंगीला हसू आलं. अंधार होता म्हणून बरं. "दहा मिनिटं तसेच उभे राहा. डोळे सरावतील. तोवर कशाला हात लावू नका."

"हातही दिसत नाहीयेत. त्यांची हमी कशी देऊ?"

आवाज तरुण होता, जरा बसका, आणि घाई नसलेला. मुंगीच्या लक्षात आलं की गेले तीन महिने या खोलीत तिच्या स्वतःच्या आवाजाशिवाय कुणाचा आवाजच घुमला नव्हता.

तिचं खरं नाव कागदोपत्री होतं तेवढंच. लहानपणी ती मुंग्यांच्या रांगेकडे तासन्‌तास बघत बसायची, जेवायला हाक मारली तरी उठायची नाही, तेव्हापासून घरात ती मुंगी झाली आणि पुढे संशोधन संस्थेतही मुंगीच राहिली. बघण्याची खोड काही सुटली नाही. फक्त मुंग्यांच्या जागी आता डीएनए आला होता. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये पारदर्शक जेलीचा पातळ थर, त्या जेलीत चमकणाऱ्या रंगात माखलेले डीएनएचे रेणू, आणि दोन्ही टोकांना वीज. वीज सोडली की रेणू धन टोकाकडे निघतात. जगभरातल्या प्रयोगशाळांत लोक हेच करतात, पण ते रेणूंची शर्यत संपल्यावर कोण कुठवर पोहोचलं एवढंच बघतात. मुंगी शर्यत चालू असताना बघत होती. एकेका धावपटूला.

"हा काय करतोय?" भिंगवाल्याने विचारलं. तो कधी जवळ येऊन उभा राहिला ते तिला कळलं नव्हतं.

पडद्यावर एक ठिपका होता. तो लांब होत गेला, दोऱ्यासारखा, आणि मग मधेच थबकला. त्याची दोन्ही टोकं पुढे वाहत गेली आणि मधला भाग मात्र मागेच राहिला. खुंटीवर टाकलेली दोरी लोंबावी, तसा.

"तुम्हाला काय वाटतं?" मुंगीने सावधपणे विचारलं.

"अडकलाय. कशाला तरी अडकलाय मधे… आणि आता दोन्ही बाजूंची ओढाताण चाललीये." तो थोडा वाकला. "डावी बाजू जिंकणार."

"कशावरून?"

"लांब आहे."

डावी बाजू खरंच वाढत गेली. उजवी आखडत, आखडत खुंटीपाशी पोहोचली, सुटली, आणि सबंध रेणू झटक्यात पुढे जाऊन पुन्हा गोळा झाला. दम खाल्ल्यासारखा थांबला. मग पुन्हा लांबायला लागला.

मुंगीच्या अंगावर काटा आला. रेणू पाहून नाही. असे तीनशेवर तिने पाहिले होते. पण हे दुसऱ्या कुणी तरी पाहिलं होतं.

"आत्ता काय पाहिलंत ते परत सांगा."

"परीक्षा आहे का?"

"सांगा ना."

त्याने सांगितलं. शब्द बदलून, पण तेच. मुंगी खुर्चीत मागे टेकली. मग तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. शेवाळी उजेडात अर्धा चेहरा, कानामागे खोचलेला स्क्रूड्रायव्हर, आणि पडद्यावरून न हटणारे डोळे.

"खालचा मजला जिन्याने उजवीकडे," ती म्हणाली. आणि मग, का कोण जाणे, "घाई नसेल तर अजून एक बघून जा."

त्याला घाई नव्हती.

*

मुंगीचे मार्गदर्शक सर वाईट माणूस नव्हते. मुंगीला कुठेच जागा मिळत नव्हती तेव्हा त्यांनीच तिला आपल्या हाताखाली घेतलं होतं. पण अठरा वर्षांपूर्वी त्यांनी एक गणित मांडलं होतं. डीएनएचा रेणू जेलीतून सापासारखा सरकतो, बोगद्यातून गेल्यासारखा, सावकाश आणि सरळ, असं ते गणित सांगत होतं. त्या गणितावर त्यांचं नाव झालं होतं, आणि त्यांच्या खोलीतलं कपाट मानचिन्हांनी भरलं होतं.

"तुझे रेणू उड्या मारतात, कारण तुझं यंत्र थरथरतं," ते मुंगीला म्हणाले. "उड्या मारणारे काढून टाक."

"साडेतीनशे काढले तर बासष्टच उरतात, सर. एकूण चारशे बारा आहेत."

"बासष्ट पुरेत."

"सर, त्या साडेतीनशेंनी काय घोडं मारलंय?"

सर हसले नाहीत. पुढच्या महिन्यात विभागाची बैठक होती. तिथे तिने बासष्ट रेणू मांडावेत, आणि बाकीच्यांसाठी दुरुस्तीवाल्याकडून यंत्र सदोष असल्याची चिठ्ठी घ्यावी, असं ठरलं. म्हणजे सरांनी ठरवलं.

अशा रीतीने भिंगवाला रीतसर बोलावणं येऊन तिच्या खोलीत हजर झाला. या वेळी दार त्याने स्वतःहून चटकन लावलं.

"मॅडम, तक्रार काय आहे यंत्राची?"

"माझी काहीच नाही. तुम्ही तपासा आणि तुम्हाला जे दिसेल ते लिहा."

"अशी तक्रार पहिल्यांदाच ऐकतोय."

तपासायला तीन दिवस लागले. एका दिवसात झालं असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलले नाहीत. त्याने टेबलाचे पाय तपासले, पंख्याची हवा तपासली, कॅमेऱ्याचा एकेक आटा सोडवून पुन्हा बसवला. भिंग पुसताना तो श्वास रोखायचा. त्याच्याबरोबर आपणही रोखतो, हे मुंगीला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तिने खिडकीकडे तोंड करून मुद्दाम मोठा श्वास घेतला.

"तुम्ही पेन्सिल खाता," तो एकदा म्हणाला.

"विचार करते तेव्हा."

"मग खूप विचार करता. ही अर्धीच उरलीये."

"आणि तुम्ही दुसऱ्यांच्या पेन्सिली बघता."

"बघणं हेच तर काम आहे."

"यंत्र बघायचं काम आहे."

"यंत्राला पेन्सिल नाही ना, मॅडम… म्हणून नजर जाते."

अंधारात उत्तरं सुचतात, हा एक फायदा असतो. तिसऱ्या दिवशी पडद्यावरचं चित्र धूसर झालं आणि दोघांनी एकाच वेळी त्याच चाकाकडे हात नेला. त्याची बोटं थंडगार होती, धातूला लावून लावून. कुणीच लगेच हात काढला नाही. पडद्यावरचा रेणू तेवढ्या वेळात दोनदा अडकून दोनदा सुटला; त्याची नोंद मात्र वहीत झाली नाही.

शेवटी भिंगवाल्याने काचेला चिकटवलेला एक चमकता मणी यंत्राखाली ठेवला. केसाच्या शंभराव्या भागाएवढा. अर्धा तास दोघं त्याच्याकडे बघत बसले. मणी तसूभर हलला नाही.

"काय लिहिणार?" मुंगीने विचारलं.

"जे दिसलं ते. तुम्हीच म्हणालात."

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कामावरून निघाली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. संस्थेच्या फाटकासमोर कुलपांच्या दुकानाची पत्र्याची पडवी होती, त्या पडवीखाली भिंगवाला उभा होता. पायाशी अवजारांची पेटी.

"चिठ्ठी दिली सरांना," तो म्हणाला. "यंत्र निर्दोष, कंप आढळला नाही."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमच्या कंपनीला दरवर्षी काम मी देतो. म्हटलं, माहीत आहे. मग त्यांनी मालकांना फोन लावला." त्याने पेटीकडे पाहिलं. "ही माझी स्वतःची आहे. बाकीची अवजारं जमा करून आलो."

"तुम्हाला काढलं?"

"काढलं असं नाही… या म्हणाले. म्हणजे, येऊ नका म्हणाले."

"एक ओळ तर लिहायची होती. लोक रोज लिहितात अशा ओळी."

"लिहितात की. मलाही लिहिता येते." तो हसला. "आणि मी सरांना हेही सांगितलं की मॅडमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, त्यांनी पाहिलंय ते मी स्वतः पाहिलंय, आणि तुम्ही एकदा अंधारात जाऊन बसा म्हणजे—"

"काय सांगितलंत?"

त्याचं हसू ओसरलं.

"माझं म्हणणं मांडायला मी काय मेलेय का?" मुंगीचा आवाज चढला. "तीन महिने मी एकटी बसलेय त्या खोलीत. डोळे फुटेस्तोवर. सरांपुढे काय बोलायचं, कधी बोलायचं, ते मी ठरवणार होते. तू कोण माझी वकिली करणारा?"

पावसाचा जोर थोडा वाढला. पत्र्यावर ताडताड वाजायला लागलं. भिंगवाला जमिनीकडे बघत होता.

"चुकलो," तो म्हणाला. "यंत्राचं तेवढं सांगायला हवं होतं. तुमचं तुम्ही."

एवढ्या लवकर कुणी चूक कबूल करतं, याची मुंगीला सवय नव्हती. घरी दादा चूक कबूल करायला सरासरी दोन वर्षं लावायचा. तिच्या रागाला पुढे जायला जागाच उरली नाही.

"आणि माझ्यासाठी म्हणून लिहिली असशील ना ती चिठ्ठी, तर तेही मला नकोय," ती जरा खाली उतरत म्हणाली.

"तुमच्यासाठी लिहिली असती तर जरा चांगलं अक्षर काढलं असतं."

ती हसणार नव्हती. तिने ओठ घट्ट मिटले. पण ते मिटलेले राहिनात.

"एक सांगू का मॅडम?" तो हळूच म्हणाला. "तुम्ही मला मघापासून तू म्हणताय."

"रागात म्हणाले."

"रागात का होईना… परत घेऊ नका."

पलीकडे बस आली, थांबली आणि गेली. ती तिचीच बस होती. त्याच्या बाहीवरून पाणी ठिबकत होतं आणि तिच्या छत्रीची मूठ तिच्या हातात होती, न उघडता. बऱ्याच वेळाने तिने छत्री उघडली आणि त्याच्या डोक्यावर धरली. तो तिच्याहून वीतभर उंच होता. तिला हात ताणून धरावी लागत होती, पण तिने ती त्याच्याकडे दिली नाही.

*

घरी वेगळीच तयारी सुरू होती.

"रविवारी मंडळी येतायत," दादा म्हणाला. दादा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर घराचा भार त्याने उचलला होता, आणि उचलता उचलता सगळ्यांच्या वतीने विचार करायची सवय त्याला लागली होती. "मुलगा मोठ्या हुद्द्यावर आहे. एकच अट आहे त्यांची, लग्नानंतर हे अंधारात बसणं बंद."

"मग येऊ नका म्हणून सांग."

"का?"

"मला लग्न करायचंय ते दुसऱ्याशी."

कोपऱ्यात आईचं शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं.

मुंगीला स्वतःलाच नवल वाटलं. हे तिने अजून त्याला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं, आणि सगळ्यांत आधी सांगितलं ते दादाला.

"कोण आहे?" दादाने विचारलं.

"भिंगं दुरुस्त करतो."

"म्हणजे मेकॅनिक." दादाने 'मेकॅनिक' हा शब्द असा उच्चारला, जणू तो जिभेला चटका देत होता. "तू डॉक्टरेट करणार आणि तो स्क्रू पिळणार. शिकलाय किती?"

"डिप्लोमा."

"कुठे कामाला आहे?" आईने मधेच विचारलं.

"कालपर्यंत होता."

"आणि आता?"

"काढून टाकलं. खोटी चिठ्ठी लिहून दे म्हणाले, त्याने नाही दिली."

आईने दोरा दाताने तोडला. "काम गेलं हे सांगून तू त्याचं स्थळ सुचवतेयस?"

"हो."

"आई, तू हसतेयस की काय?" दादा म्हणाला.

"मी दोरा तोडतेय," आई म्हणाली.

दादा उठला. रविवारची मंडळी येणार म्हणजे येणार, घराण्याचं नाव आहे, ती आत्ता नादावली आहे, उतरेल. मुंगी तिथेच उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही. "येऊ देत त्यांना," ती म्हणाली. "मी समोर बसेन आणि जे आत्ता तुला सांगितलं तेच त्यांना सांगेन. तुला चालत असेल तर बोलाव."

दादाने तिच्याकडे पाहिलं. मुंग्यांच्या रांगेपुढून तिला उचलून जेवायला न्यायचं काम लहानपणी त्याचंच होतं, आणि दर वेळी ती हातापायांनी जमीन धरून ठेवायची. त्याने मंडळींना फोन केला आणि रविवार रद्द केला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बोलायचा बंद झाला.

*

बैठकीला पंधरा दिवस उरले होते. त्या दिवसांत मुंगी भिंगवाल्याला भेटली नाही. तूर्त भेटू नकोस, असं तिनेच त्याला सांगितलं होतं. "हे मला एकटीला करू दे."

"बरं," तो म्हणाला होता. "पण एकदा तरी तू जेवलीस का, एवढं विचारायला माणूस पाठवला तर चालेल?"

तोही आता तिला तू म्हणायला लागला होता, जपून जपून, थंडीत पाणी अंगावर घ्यावं तसा.

"माणूस नको," ती म्हणाली. "मी जेवेन."

तिला एक गोष्ट सुचली होती. नुसत्या मण्याने सरांचं समाधान होणार नव्हतं. ते म्हणतील त्या दिवशी यंत्र शांत होतं, बाकीच्या दिवशी नव्हतं. म्हणून तिने काचेला चिकटवलेला मणी आणि रेणू एकाच जेलीत, एकाच काचेखाली, शेजारी शेजारी ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डोळे लाल झाले, मान आखडली, पेन्सिली संपल्या.

बैठकीच्या दिवशी सभागृहात तीसेक माणसं होती. सर पहिल्या रांगेत. त्यांच्या शेजारी काठी टेकत आलेल्या भौतिकशास्त्राच्या वयस्कर बाई, ज्यांना सगळे टरकून असत आणि ज्यांनी बैठकीत डुलकी काढली तरी कुणी खाकरत नसे. मुंगीच्या हाताला घाम सुटला होता. तिने तो ओढणीला पुसला.

"मी चारशे बारा रेणू पाहिले," तिने सुरुवात केली. "चारशे बाराही दाखवणार आहे."

सरांनी मान वर केली. "आपलं बासष्टचं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं, सर."

सभागृहात कुणाची तरी खुर्ची करकरली.

"बाकीचे यंत्राच्या थरथरीमुळे बिघडलेले आहेत," सर शांतपणे सर्वांना म्हणाले. "नवशिक्यांना असा भास होतो."

"म्हणून मी हे आणलंय," मुंगी म्हणाली आणि तिने दिवे घालवायला सांगितलं.

पडद्यावर दोन ठिपके उमटले. वरचा मणी, खालचा रेणू. वीज सुरू झाली. रेणू लांबला, अडकला, दोन्ही बाजूंनी ताणला गेला, एक बाजू जिंकली तसा सुटला आणि झटक्यात पुढे जाऊन गोळा झाला. वरचा मणी जागच्या जागी होता. देवळापुढच्या दगडासारखा.

"यंत्र थरथरत असतं तर मणीही थरथरला असता," मुंगी म्हणाली. "तो रेणू स्वतःच अडकतो, ताणला जातो आणि सुटतो. दहांतले आठ-साडेआठ रेणू असंच करतात. सरांनी सांगितलं तसे सरळ सरकणारेही आहेत, पण ते थोडे आहेत."

अंधारात काठी जमिनीवर आपटली. "पुन्हा दाखव," भौतिकशास्त्राच्या बाई म्हणाल्या.

तिने पुन्हा दाखवलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतली माणसं उठून पुढे येऊन उभी राहिली.

दिवे लागले तेव्हा सर पडद्याकडेच बघत होते. "या कामावर माझं नाव राहणार नाही," ते म्हणाले.

मार्गदर्शक गेला म्हणजे खोली गेली, यंत्र गेलं, कदाचित डॉक्टरेटची तीन वर्षंही गेली. पण मागे घ्यायला तिच्याकडे काही नव्हतं. पडद्यावर जे होतं ते होतं.

"मग माझं एकटीचं राहील," ती म्हणाली.

"एकटीचं कशाला?" भौतिकशास्त्राच्या बाई काठीवर जोर देऊन उठल्या. "मला घे. पण माझ्याकडे खोली नाही. जिन्याखालची कोठी आहे, तिथे मोडक्या खुर्च्या ठेवतात."

"अंधार आहे?"

"भरपूर."

"मग चालेल, बाई."

कुणीतरी हसलं, आणि मग बरेच जण हसले. सर मात्र निघून गेले. नंतर व्हरांड्यात ते तिला एकटेच भेटले. ती बाजूला झाली, पण ते थांबले. "अठरा वर्षांत मी कधी बसून पाहिलं नव्हतं," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "मी गणित मांडलं होतं." मग आपल्या खोलीकडे गेले. माफी नव्हती ती, पण मुंगीला त्यांच्याबद्दल जराशी माया वाटली. जिंकल्यावरही एवढं वाईट वाटतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

*

भिंगवाल्याने आता एका घड्याळजीच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल मिळवलं होतं. म्हातारा घड्याळजी एका बाजूला, हा दुसऱ्या बाजूला, दोघांच्याही डोळ्याला भिंग. मुंगी थेट सभागृहातून तिथे पोहोचली. केस विस्कटलेले, श्वास फुललेला.

"हलू नको," तो वर न बघता म्हणाला. "टेबलाला धक्का लागला तर स्क्रू गेला."

त्याच्या चिमट्याच्या टोकावर मोहरीच्या दाण्याएवढा स्क्रू होता आणि समोर एक उघडा सूक्ष्मदर्शक.

मुंगी दारातच उभी राहिली. येताना तिने पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. बैठक कशी झाली, बाई काय म्हणाल्या, सर काय म्हणाले. ते सगळं बाजूला पडलं.

"मी तुला लग्नाचं विचारायला आलेय," ती म्हणाली.

चिमटा थांबला. पलीकडे घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढलं, आणि बहुधा चुकलंच असं वाटून पुन्हा लावलं.

"घरी सांगून झालंय," मुंगी पुढे म्हणाली. एकदा बोलायला लागल्यावर थांबणं तिला जमत नसे. "दादाला पसंत नाही. पंधरा दिवस बोलत नाहीये. आईचं अजून कळत नाही. माझी खोली गेलीये, आता जिन्याखाली बसणार आहे. अजून दोन वर्षं लागतील, जास्तही लागतील. मी कुणासाठी अंधारातून उठून येणार नाही. हे सगळं आधी सांगितलेलं बरं… आणि तू मला आवडतोस. ते पहिल्यांदा सांगायला हवं होतं, पण राहिलं."

त्याने श्वास रोखला, स्क्रू त्याच्या भोकावर टेकवला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि एक, दोन, तीन फेरे देऊन तो पक्का बसवला. मुंगीला ते तीन फेरे तीन महिन्यांएवढे वाटले.

"बसला," तो म्हणाला.

"आणि?"

"आणि हो." त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. डोळा ओला होता आणि भोवती गोल वळ उमटला होता. "त्या दिवशी छत्रीखालीच हो होतं. पण म्हटलं, मी आधी बोललो तर पुन्हा म्हणशील, तू कोण माझं ठरवणारा."

"म्हणाले असते."

"माहीत होतं."

घड्याळजी उठला. त्याला काही आठवल्यासारखं झालं असावं. तो दुकानाबाहेर जाऊन आपल्याच दुकानाची पाटी वाचत उभा राहिला.

भिंगवाल्याने हात पुढे केला. बोटं आज थंड नव्हती. "दादा किती दिवस बोलणार नाही?" त्याने विचारलं.

"वर्षभर तरी."

"मग काहीच नाही. माझ्या मामाने माझ्या वडिलांशी, तेही दुरुस्तीवालेच, सात वर्षं अबोला धरला होता. आणि राहायला होते एका भिंतीआड."

"शेवटी कसा सुटला?"

"मामाचा रेडिओ बिघडला."

मुंगी हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत. मग तिने त्याला विचारलं, आत्ता माझ्या घरी येशील का? आत्ताच, हे काळे हात घेऊन. त्याने हात पुसायला फडकं घेतलं, तिने ते काढून घेतलं.

*

आईने दार उघडलं. आधी मुंगीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग त्याच्या हातांकडे.

"खोटी चिठ्ठी लिहिली नाही तो हा का?"

"हो," मुंगी म्हणाली.

"जेवायची वेळ झालीये. बसा."

दादा टेबलापाशी बसला होता, समोर वर्तमानपत्र उभं धरून. ते खाली आलं, भिंगवाल्याला त्याने नखशिखान्त पाहिलं, आणि ते पुन्हा वर गेलं.

"मला जेवायचं नाही," वर्तमानपत्रामागून आवाज आला. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

"बरं," आई म्हणाली. तिने दादापुढचं वाढलेलं ताट उचललं आणि भिंगवाल्यापुढे ठेवलं. "मग हे यांना."

भिंगवाला गोंधळून मुंगीकडे बघायला लागला. मुंगीने दादाच्या शेजारची आपली नेहमीची खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून आणली आणि त्याच्या खुर्चीला लागून ठेवली. ती बसली. सगळ्यांदेखत तिने त्याच्या ताटातला एक तुकडा मोडून घेतला आणि तोंडात टाकला.

"गार होतंय," ती त्याला म्हणाली. "जेव."

तो जेवायला लागला. वर्तमानपत्र बराच वेळ एकाच पानावर होतं. मग आईने आणखी एक ताट वाढून ते वर्तमानपत्राच्या पलीकडे, दादापुढे सरकवलं आणि ती पाणी आणायला आत गेली.